वर्डप्रेस आणि टीएमएस जोडताना कनेक्टरच्या आधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठिबक सिंचनाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीची वर्डप्रेस वेबसाइट, इंग्रजीत सुमारे ४०० पानं. त्यातली साठेक पानं वर्डमध्ये भाषांतर करून पूर्वीच मराठीत चढवलेली. आता मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही भाषा हव्यात. भाषांतराची एजन्सी स्वतःची टीएमएस (भाषांतराची कामं सांभाळणारी प्रणाली) वापरते आणि ‘सीएमएस (म्हणजे वर्डप्रेस) जोडून द्या, कॉपी-पेस्ट बंद होईल’ म्हणते. डब्ल्यूपीएमएल हे बहुभाषी साइटचं प्लगइन बसवलेलं आहे, पानं एलिमेंटर या पान-बांधणीच्या प्लगइनमध्ये बांधलेली, उत्पादनांचा तपशील एसीएफ या जादा रकान्यांच्या प्लगइनच्या फील्डमध्ये. तर वर्डप्रेस आणि टीएमएस यांना जोडणारा कनेक्टर कोणता घ्यावा?

कनेक्टरचं नाव सगळ्यात शेवटी ठरतं. मजकूर इकडून तिकडे नेणं ही तुमची मोठी अडचण नव्हे. ते काम एक्सेलही रडतखडत करतंच. खरी अडचण अशी की एकच मजकूर आता दोन ठिकाणी राहणार आणि दोन्हीकडे माणसं त्याला हात लावणार. कुठल्या टप्प्यावर कोणाची प्रत खरी मानायची हे आधी ठरलं नाही, तर उत्तमातला उत्तम कनेक्टर चुका फक्त जास्त वेगाने पसरवतो.

माझी मांडणी अशी असते. इंग्रजीचा मालक वर्डप्रेस. मराठी, हिंदी, गुजरातीची मालक टीएमएस, भाषांतर चालू असतानाही आणि झाल्यावरही. वर्डप्रेसमधलं मराठी पान ही तिथून आलेली छापील प्रत समजायची, तिच्यावर पेन चालवायचं नाही. हा नियम मोडला की काय होतं ते बघा. विक्री विभागातलं कुणीतरी मराठी पानावर जुना हेल्पलाइन क्रमांक पाहतं आणि तिथल्या तिथे बदलतं. काही दिवसांनी त्या पानाच्या इंग्रजीतलं एक वाक्य बदलतं, पान पुन्हा टीएमएसमध्ये जातं. तिथल्या ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे आधीच्या भाषांतरित वाक्यांच्या साठ्यात, जुनाच क्रमांक असतो. शंभर टक्के जुळणारं वाक्य म्हणून ते कोणी उघडूनही बघत नाही, आणि जुना क्रमांक गुपचूप पानावर परत येतो. म्हणून भाषांतरित पानं संपादित करण्याचा अधिकार दोन-तीन माणसांपुरता ठेवा आणि दुरुस्ती टीएमएसमध्येच करायची सवय लावा. दूरध्वनी क्रमांक, पत्ता, हमीची मुदत अशा सतत बदलणाऱ्या गोष्टी वाक्यात लिहूच नका. त्या एका सामायिक फील्डमध्ये ठेवून शॉर्टकोडने (चौकोनी कंसातल्या छोट्या संकेताने) पानावर आणा, म्हणजे त्या भाषांतराच्या वाटेला जातच नाहीत.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण इथे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. महिन्याला आठ-दहाच पानं बदलत असतील तर कनेक्टर नकोच. डब्ल्यूपीएमएलमधून एक्सलिफ (भाषांतराच्या देवाणघेवाणीची) फाइल काढा, एजन्सीला द्या, भाषांतरित फाइल परत चढवा. एका माणसाचं थोडक्या वेळाचं काम आहे, आणि दर अपडेटनंतर ‘कनेक्टर का थांबला’ हे शोधण्याची कटकट नाही. पानं दर आठवड्याला डझनाने बदलत असतील, किंवा तिन्ही भाषांत नवं उत्पादन एकाच दिवशी जाहीर करायचं असेल, तर कनेक्टर परवडतो. स्वतः एपीआयवर (दोन प्रणालींमधल्या जोडणीच्या सोयीवर) कोड लिहिण्याच्या फंदात मात्र सांभाळणारा डेव्हलपर कायम हाताशी असेल तरच पडा. तुमची ४०० पानं एकदाच जायची आहेत, त्यानंतरचा बदल किती हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा कल असा: पहिली मोठी खेप एक्सलिफनेच करा. त्यात कोणत्या फील्डमध्ये काय अडकतं ते लख्ख दिसतं, आणि मग कनेक्टरवाल्याला विचारायचे प्रश्न आपोआप तयार होतात.

फील्डचं म्हणाल, तर सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. वाचकाला एक पान दिसतं, पण त्याचा मजकूर डेटाबेसमध्ये आणि फाइलमध्ये मिळून दहा ठिकाणी विखुरलेला असतो: शीर्षक, मुख्य मजकूर, एसीएफ, एलिमेंटरचा डेटा, वर्गवारीची नावं, मेनू, चित्रांचे पर्यायी मजकूर, शोधयंत्रांसाठीच्या योस्ट प्लगइनमधलं शोधशीर्षक आणि वर्णन, चौकशीच्या फॉर्ममधल्या सूचना, थीमच्या फाइलमधली बटणं. प्रत्येक पान-प्रकारासाठी एक तक्ता करा आणि प्रत्येक फील्डपुढे डब्ल्यूपीएमएलचे चार पर्याय लावा: भाषांतर करा, कॉपी करा, एकदाच कॉपी करा, काहीच करू नका.

तुमच्या लॅटरलच्या (रोपांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबक नळीच्या) पानाचं उदाहरण घेऊ. उत्पादनाचं नाव आणि वर्णन भाषांतराला जाणार. कोड क्रमांक, १६ मिमी व्यास, ताशी ४ लिटर प्रवाह, ४० सेंमी अंतर हे आकडे ‘कॉपी’, म्हणजे इंग्रजीत बदलले की तिन्ही भाषांत आपोआप बदलतील. एकक आकड्याला चिकटवून एकाच फील्डमध्ये लिहिलं असेल तर आधी ते वेगळं करा, नाहीतर ‘ताशी ४ लिटर’ आणि ‘ताशी ८ लिटर’ ही दोन निराळी वाक्यं म्हणून दोनदा भाषांतराला जातील. वर ‘मिमी’, ‘मि.मी.’ आणि ‘एमएम’ एकाच तक्त्यात शेजारी शेजारी दिसतील ते वेगळंच. ‘एकदाच कॉपी’ हा पर्याय माहितीपत्रकाच्या पीडीएफसारख्या गोष्टींना चांगला: सुरुवातीला इंग्रजी पीडीएफ दिसतं, मराठी तयार झालं की ते लावता येतं आणि पुढच्या वेळी इंग्रजी त्याच्यावर येऊन बसत नाही.

एलिमेंटरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमचा पहिला अपघात तिथेच होण्याची शक्यता आहे. एलिमेंटर पानाची खरी रचना पोस्टच्या मेटामध्ये (पानाला जोडलेल्या जादा माहितीत) जेसन या डेटा-स्वरूपात ठेवतो. मुख्य मजकुराच्या रकान्यात त्याचीच एक साधी नक्कल असते. अर्धवट बनवलेला कनेक्टर ती नक्कल उचलतो, तिचं भाषांतर करून घेतो आणि परत त्याच रकान्यात ठेवतो. टीएमएसमध्ये ‘पूर्ण’, वर्डप्रेसमध्ये ‘पूर्ण’, बिलही लागलेलं, पण पान उघडलं की सगळं इंग्रजीच. डब्ल्यूपीएमएलला एलिमेंटरचे मूळ विजेट कळतात. बाहेरच्या ॲड-ऑनचे विजेट मात्र डब्ल्यूपीएमएलच्या एक्सएमएल कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवावे लागतात. म्हणून कनेक्टर डब्ल्यूपीएमएलच्या भाषांतर-कामांमधून मजकूर घेतो की थेट पोस्टमधून, हा पहिला प्रश्न विचारा. थेट पोस्टमधून घेत असेल तर तुमच्यासाठी तो बाद.

दुसरा अपघात देवनागरीचा आहे आणि तो पाहिल्याशिवाय खरा वाटत नाही. पानावर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ‘यू०९२ईयू०९३०’ अशी लांबलचक रांग दिसते. कारण असं: वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी जेसन बनवताना देवनागरी अक्षरं मुळात तिरकी रेघ, यू आणि चार चिन्हांचा संकेत अशा रूपात लिहिते. ते जेसन वर्डप्रेसच्या मेटा साठवणाऱ्या फंक्शनकडे दिलं की ते फंक्शन आपल्या रिवाजाप्रमाणे तिरक्या रेघा काढून टाकतं. रेघ गेली की संकेताचा अर्थ गेला. साध्या इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर हा दोष बहुधा सापडत नाही, कारण इंग्रजी अक्षरं तशीच्या तशी लिहिली जातात. उपाय एका ओळीचा आहे: साठवण्याआधी मजकूर डब्ल्यूपी-स्लॅश या फंक्शनमधून काढायचा. पण तो कनेक्टरच्या कोडमध्ये करायचा असतो, तेव्हा विक्रेत्याला आधीच सांगा की चाचणी देवनागरीतच होईल.

चाचणीही सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी एक साधं पान पाठवून ‘चालतंय’ म्हटलं जातं. एक मुद्दाम अवघड पान बांधा: तक्ता, उघडझाप होणारे प्रश्नोत्तर, व्हिडिओची चौकट, शॉर्टकोड, अंतर्गत दुवा, वाक्याच्या मधोमध ठळक शब्द, अवतरणचिन्हं, चित्र आणि त्याचा पर्यायी मजकूर, फॉर्म. ते टीएमएसमध्ये पाठवा आणि भाषांतरकाराला न देता छद्म-भाषांतर चालवा, म्हणजे प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना चौकोनी कंस आणि मध्ये एखादा मराठी शब्द. पान परत आणा. ज्याला कंस नाहीत तो मजकूर कनेक्टरने पाहिलाच नाही. ज्या कोड क्रमांकाला कंस लागले तो जायला नको होता. आणि जिथे एका वाक्याला कंसाच्या दोन जोड्या लागल्या तिथे वाक्य मधूनच तुटलंय. इथपर्यंत येईस्तो एकाही शब्दाचे पैसे द्यायचे नाहीत.

वाक्यं तुटण्याचं कारण बहुधा टीएमएसच्या फिल्टरमध्ये (मजकूर आणि कोड वेगळे करणाऱ्या नियमांत) असतं. शॉर्टकोड आणि ब्लॉकच्या खुणा फिल्टरमध्ये कुलूपबंद टॅग म्हणून नोंदवा, नाहीतर भाषांतरकार चौकोनी कंसातला शॉर्टकोडही इमानेइतबारे मराठीत करून देतो. आणि तुमच्याकडच्या जुन्या साठ मराठी पानांचं अलाइनमेंट (इंग्रजी-मराठी वाक्यांच्या जोड्या लावणं) करून मेमरी बनवताना संक्षेपांचे नियम लावा. नाहीतर ‘मि.मी.’, ‘कि.ग्रॅ.’, ‘डॉ.’ यांच्यातल्या टिंबावरही यंत्र वाक्य संपलं असं धरू शकतं.

त्या साठ पानांबद्दल आणखी एक. ती सरळ मेमरीत ओतू नका. जुळणीच्या टक्क्यांत ३ ते ५ टक्के दंड (घट) लावून भरा, म्हणजे जुळलेलं वाक्यही शंभर टक्के म्हणून न येता नजरेखालून जाईल. मराठीत ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो: कुणी नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहितं, कुणी साध्या ‘र’नंतर हलन्त आणि अदृश्य जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही ‘दुसऱ्या’ सारखेच. यंत्राला ते वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. परिणामी परिभाषेची तपासणी खोट्या चुका दाखवते आणि साइटवरचा शोध अर्धी पानं गाळतो. काही सफाई-फंक्शन ती अदृश्य खूण उडवतात, मग ‘दुसऱ्या’चा रफार होऊन ‘दुसर्या’ उरतो. नुक्त्याचा ‘ऱ’ हेच रूप ठरवा आणि मेमरी भरण्याआधी सगळीकडे एकदा बदलून घ्या. जुन्या वर्डच्या फाइल श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर त्यांच्या मागे लागू नका, अलाइनमेंट वेबपानांवरूनच करा.

भाषांचे कोड ही किरकोळ बाब आहे, पण जोडणी अडते तेव्हा निम्म्या वेळा तिथेच अडते. वर्डप्रेसमध्ये मराठीला नुसतं ‘एमआर’, गुजरातीला नुसतं ‘जीयू’, हिंदीला मात्र देशासकट ‘एचआय-आयएन’. टीएमएसमध्ये बहुधा तिन्ही देशासकट असतात. जोडणीच्या तक्त्यात हे हाताने जुळवा. एजन्सीने प्रकल्प देशाविना मराठीत उघडला आणि कनेक्टर देशासकट मागत असेल, तर काम जातं पण परत येत नाही.

यानंतर सर्व्हरकडची बाजू. जोडणीसाठी वेगळा वर्डप्रेस वापरकर्ता करा, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर ती बांधू नका, नाहीतर तो माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी भाषांतर थांबतं. ॲप्लिकेशन पासवर्डची सोय वर्डप्रेसमध्ये ५.६ पासून आहे, ती वापरा. त्या वापरकर्त्याची भूमिका किमान एडिटरची हवी. त्याखालच्या भूमिकेने पान साठवलं की वर्डप्रेस आयफ्रेमसारखे टॅग गाळून टाकतं आणि तुमच्या मराठी पानावरचा ‘ड्रिपर कसा साफ करावा’ हा व्हिडिओ गायब होतो. मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) असेल तर एडिटरही पुरत नाही, तिथे ती मुभा फक्त सुपर ॲडमिनला असते.

टीएमएसकडून ‘काम झालं’ असा वेबहूक (आपोआप येणारा निरोप) येतो, तो होस्टिंगची फायरवॉल बऱ्याचदा अडवते, कारण एचटीएमएलने भरलेली विनंती तिला हल्ल्यासारखी दिसते. लॉगमध्ये ४०३ (प्रवेश नाकारल्याचा संकेत) दिसला तर टीएमएसच्या आयपी पत्त्यांना मुभा द्या. शिवाय वेबहूकवर विसंबून न राहता दर १५ मिनिटांनी कनेक्टरने स्वतः विचारणा करावी अशी व्यवस्था ठेवा. एकच वेबहूक दोनदा येऊ शकतो, तेव्हा कामाचा क्रमांक पाहून दुसरा सोडून देता आला पाहिजे. पीएचपीची मूळ मर्यादा विनंतीला ८ एमबी आणि अपलोडला २ एमबी असते. मोठ्या एक्सलिफसाठी दोन्ही वाढवा. आणि वर्डप्रेसचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय, कुणी पान उघडलं तरच चालतं. पूर्ण पान कॅशमधून (साठवलेल्या तयार प्रतीतून) जात असेल तर पीएचपी जागीच होत नाही आणि आलेली भाषांतरं रांगेत पडून राहतात. ते बंद करून सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनमधून दर ५ मिनिटांनी चालवा.

पुढचा प्रश्न: कुठल्या बदलावर पान भाषांतराला पाठवायचं? ‘साठवलं की पाठव’ हा पर्याय जवळजवळ प्रत्येक कनेक्टरमध्ये असतो आणि तो बंदच ठेवावा. एक माणूस सकाळभरात एकच पान पाच-सहा वेळा साठवतो. प्रत्येक वेळी काम तयार झालं तर भाषांतरकार चौथी आवृत्ती करत असताना पाचवी येऊन धडकते. प्रकाशित झालेलं पान दिवसातून एकदा, रात्री, एकत्र पाठवा. त्याच पानाचं आधीचं काम सुरू असेल तर नवं थांबवून ठेवा किंवा जुनं रद्द करून नवं पाठवा. माझं मत जुनं पूर्ण होऊ देण्याकडे आहे: झालेली वाक्यं मेमरीत जातात, पुढच्या फेरीत पैसे फक्त बदललेल्या वाक्यांचे लागतात. नुसता स्वल्पविराम सुधारला असेल तर डब्ल्यूपीएमएलमध्ये ‘किरकोळ बदल’ अशी खूण करता येते. संपादकांना ती दाखवून द्या, पण आकडा बदलला असताना ती लावायची नाही हेही बजावा.

परत आलेलं पान पहिले काही महिने मसुदा म्हणूनच उतरू द्या. मसुद्यात तीन गोष्टी पाहायच्या: अंतर्गत दुवे मराठी पानांकडे जातात की इंग्रजीकडे, मथळे मोबाइलवर कापले जात नाहीत ना, आणि पानाचा पत्ता. पत्त्याचं गणित असं आहे. वर्डप्रेसमध्ये स्लगला (पत्त्यातल्या पानाच्या नावाला) २०० जागा असतात आणि प्रत्येक देवनागरी चिन्ह सांकेतिक रूपात ९ जागा खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘ठिबक सिंचन संचाची देखभाल: उन्हाळा’ आणि ‘ठिबक सिंचन संचाची देखभाल: पावसाळा’ या दोन्ही शीर्षकांचा स्लग ‘देखभाल’पाशीच तुटतो, आणि दुसऱ्या पानाच्या शेपटीला नुसता २ लागतो. म्हणून मराठी पानांना इंग्रजी स्लगच कॉपी करा, किंवा स्लग हे वेगळं छोटं फील्ड म्हणून भाषांतराला पाठवा आणि टीएमएसमध्ये त्याला २० चिन्हांची मर्यादा घाला. आधीच्या साठ पानांचे पत्ते बदलले तर जुन्या पत्त्यांवरून ३०१ (कायमचं पुनर्निर्देशन) लावायला विसरू नका.

राहता राहिली स्टेजिंग साइट, म्हणजे चाचणीसाठीची प्रत. सगळ्या चाचण्या तिथेच होतील आणि मग कुणीतरी सोयीसाठी चालू साइटचा डेटाबेस स्टेजिंगवर उतरवेल. त्याबरोबर कनेक्टरची किल्ली (टीएमएसमध्ये शिरण्याचा गुप्त संकेत) आणि चालू कामांची यादीही तिथे जाते. आता दोन्ही साइट टीएमएसला ‘माझं काम झालं का?’ असं विचारू लागतात. जी आधी विचारेल ती भाषांतर घेऊन जाते, आणि बहुतेक टीएमएस एकदा दिलेलं काम ‘पोहोचवलं’ म्हणून बंद करतात. मग चालू साइटवर पान दिवसेंदिवस ‘प्रलंबित’ दिसतं आणि एजन्सी शपथेवर सांगते की आम्ही दिलंय. दोघंही खरंच बोलत असतात. तेव्हा स्टेजिंगला टीएमएसमध्ये वेगळा प्रकल्प आणि वेगळी किल्ली द्या. डेटाबेस उतरवणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी कनेक्टर बंद करणारी ओळ घाला. आणि किल्ली डेटाबेसऐवजी त्या त्या सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवता येते का, हे कनेक्टरवाल्याला पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या.